जाड मांजराला उपाशी ठेवू नका

श्रोतेहो, नमस्कार. घरातलं मांजर सुटलं, ओट्यावर उडी मारायचा कंटाळा करू लागलं, की कुणीतरी सुचवतंच, ‘दोन दिवस खायला देऊ नका, आपोआप उतरेल.’ कृपा करून असं करू नका. जाड मांजराला उपास जिवावर बेततो. पोटात अन्न नसलं की अंगातली चरबी भराभर यकृताकडे जाते, यकृताला ती पेलवत नाही आणि तिथेच साठत राहते. दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणातही हे सुरू होऊ शकतं. हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळी दिसली, तर वेळ दवडू नका. एरवीही मांजरानं २४ तास अन्नाला तोंड लावलं नाही, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. नवं खाद्य नाकारलं तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून अडून बसू नका. जुन्यात थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदल करा.

मांजर खरंच जाड आहे का? बरगड्यांवरून हलका हात फिरवा. न दाबता त्या लागल्या पाहिजेत. वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. मागच्या पायांमध्ये लोंबणारी कातडी मात्र सडपातळ मांजरालाही असते, तिच्यावरून ठरवू नका. लक्ष्य डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल तर त्यांना विचारल्याशिवाय आहाराला हात लावू नका, कारण खाणं घटलं की तोच डोस जास्त होतो आणि साखर धोकादायक उतरते.

आता हिशेब. समजा, बोका ६ किलोचा आहे आणि तो साडेचार किलोचा असायला हवा. साडेचार किलोच्या मांजराला नुसत्या विश्रांतीत दिवसाला सुमारे २१५ कॅलरी लागतात. त्याच्या ८० टक्के, म्हणजे साधारण १७० कॅलरींपासून सुरुवात करतात. कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसभराचे दाणे झाले जेमतेम ४५ ग्रॅम! वाटीनं मोजाल तर फसाल. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सकाळीच तोला, डब्यात काढून ठेवा आणि दिवसभर त्यातूनच चार-पाच वेळा द्या. ओल्या खाद्यात पाणी जास्त असल्यानं तेवढ्याच कॅलरीत पोट अधिक भरतं, त्यामुळे थोडं ओलं, थोडं कोरडं दिलेलं चांगलं. नेहमीचंच खाद्य फार घटवावं लागलं तर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी पडतात. अशा वेळी वजन उतरवण्यासाठीचं खास खाद्य डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आपल्याकडे घोटाळा होतो तो दुधात. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १०० कॅलरी असतात, म्हणजे बोक्याचं अर्ध्याहून अधिक जेवण एका वाटीत संपलं. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. दूध-पोळी बंद, पाणी भरपूर. लाड करायचाच असेल तर बिनमिठाचं, कांदा-लसणाशिवाय उकडलेलं कोंबडीचं मांस १० ग्रॅम पुरे, आणि तेवढ्या कॅलरींचे दाणे डब्यातून कमी करा. आजी, मुलं, शेजारी, सगळ्यांना हा नियम सांगून ठेवा. बहुतेक घरांत वजन अडतं ते इथंच.

पहाटे ओरडून उठवत असेल तर उठल्या उठल्या खायला घालू नका, नाहीतर ओरडलं की मिळतं हे ते शिकतं. रात्री झोपण्याआधी दोरीला बांधलेल्या चिंधीमागे पाच-दहा मिनिटं पळवा आणि शेवटचा वाटा तेव्हा द्या. घरात दोन मांजरं असतील तर दार लावून वेगवेगळी जेवू घाला.

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतार पुरेसा आहे. ६ किलोच्या बोक्याचे ३० ते ६० ग्रॅम! माणसांच्या काट्यावर हे दिसतच नाही. बाळांचा काटा वापरा, नाहीतर दर पंधरवड्याला दवाखान्यात एकाच काट्यावर वजन करा. दोन आठवडे आकडा हलला नाही तर आधी चोरटं खाणं शोधा, मग डॉक्टरांना विचारून खाणं दहा टक्के घटवा. आठवड्याला दोन टक्क्यांहून जास्त उतरलं तर लगेच खाणं वाढवा आणि दवाखाना गाठा. दीड किलो उतरायला सहा महिने किंवा अधिक लागतील, तेवढे लागू द्या.