डूलॅली, ब्लायटी आणि डोंगरीचं कापड

[देवळाली स्टेशनचा पिवळा फलक. मुंबईहून आलेली गाडी थांबते.]

कसारा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून गाडी नाशिकरोडच्या दिशेने निघाली, की वाटेत देवळाली लागते. हवापालटाला येणाऱ्यांसाठी बांधलेली सॅनिटोरियमं, लॅम रोड, लष्कराचा कॅम्प आणि तोफखान्याची शाळा. आपल्याला देवळाली माहीत आहे ती एवढीच.

इंग्लंडात मात्र ज्यांना नाशिक कुठे आहे हेही ठाऊक नाही, अशी माणसं या गावाचं नाव सहज घेतात. कुणी भ्रमिष्टासारखं वागायला लागलं की म्हणतात, ‘ही हॅज गॉन डूलॅली.’ डूलॅली म्हणजे आपली देवळाली. मूळचा पूर्ण शब्दप्रयोग होता ‘डूलॅली टॅप’. यातला टॅप नळाचा नाही. शिपायांच्या हिंदुस्थानीत तापाला ‘तप’ म्हणत, त्याचा हा टॅप. देवळालीचा ताप!

[कॅम्पमधल्या जुन्या बराकी. उन्हातलं मोकळं मैदान.]

हा ताप आला कुठून? १८६० च्या दशकात इंग्रजांनी इथे छावणी वसवली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई आपापल्या पलटणींतून इथे यायचे आणि मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत बसायचे. पण सैन्य नेणारी जहाजं बारमाही सुटत नसत. पावसाळा ओसरला की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. ज्याची मुदत नेमकी हंगाम संपल्यावर भरली, तो पुढचे कित्येक महिने देवळालीत अडकला.

इथे वेड्यांचं इस्पितळ होतं, म्हणून हा शब्द आला, अशीही एक गोष्ट रंगवून सांगतात. मला शिपायाचीच साक्ष जास्त पटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाच्या आठवणी १९३६ साली प्रसिद्ध झाल्या. तो सांगतो, की देवळालीत थांबलेल्यांकडे हत्यारं नसत. कधीमधी आपलं किट मांडून दाखवायचं, एखादा रूट मार्च करायचा, बाकी दिवस खायला उठायचा. ज्यांच्या नावावर नोकरीभर एक डाग नव्हता, असे शिपाई इथे काहीतरी भलतंच करून बसत आणि घरी जायच्या आधी तुरुंगाची हवा खात. या कंटाळ्यातून हा शब्द निघाला असावा, असं त्याला वाटतं. हातात काम नाही आणि घरची तारीख पुढे पुढे जातेय, यात डोकं फिरायला वेगळा ताप कशाला लागतो?

पुढे ‘टॅप’ गळून पडला, नुसतं डूलॅली उरलं. १९७० च्या दशकात बीबीसीवर आलेल्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेची सुरुवात देवळालीच्या छावणीतच होते.

[समुद्र. दूर एक जहाज.]

आता हे शिपाई ज्या देशाची वाट बघत होते, त्याला ते काय म्हणत? ब्लायटी. हा शब्दही इथलाच. अरबी ‘विलायत’ म्हणजे राज्य, मुलूख. हिंदुस्थानीत त्याचा अर्थ परदेश झाला, मग साहेबाचा देश. विलायतीचं झालं बिलायती आणि गोऱ्या शिपायाच्या तोंडी ब्लायटी. आपण विलायती चिंच म्हणतो ना, तोच शब्द. (ती चिंच विलायतेची नाही, मेक्सिकोकडची आहे. पण बाहेरून आलं ते सगळं आपल्याला विलायतीच.)

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत या शब्दाला वेगळीच धार आली. ‘ब्लायटी’ म्हणजे अशी जखम, जिने जीव जाणार नाही, पण लढताही येणार नाही आणि थेट घरी धाडतील. पोरं अशी जखम व्हावी म्हणून देवाला साकडं घालत. कुणी ती स्वतःच करून घेतली, तर कोर्ट मार्शल ठरलेलं.

[मुंबई. डोंगरीतली गल्ली, मोहरमची मिरवणूक.]

गोऱ्या शिपायाचा कान शब्दाची काय दशा करतो, याचा उत्तम नमुना म्हणजे मोहरम. ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश त्याला ऐकू आला ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा, म्हणजे दोन अस्सल इंग्रजी आडनावं! हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश केला, तेव्हा यूलने त्याला हेच नाव दिलं. कोश निघाला १८८६ साली. बर्नेल चार वर्षं आधीच वारला होता.

डोंगरीने स्वतःही इंग्रजीला एक शब्द दिलाय. ‘डुंगरी’ नावाचं जाडंभरडं, स्वस्त सुती कापड असायचं. त्याचं नाव या डोंगरी भागावरून पडलं, असं मानतात. सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या लिखाणात ते सापडतं. या कापडाची शिडं झाली, तंबू झाले, मग खलाशांचे आणि मजुरांचे कपडे झाले. त्या कपड्यांना नाव पडलं ‘डंगरीज’. आज कारखान्यातला फिटर डांगरी चढवतो आणि लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात ‘मॅडम, डंगरी दाखवू?’ म्हणतात, तेव्हा कापड पार बदललेलं असतं. नाव तेवढं परत आलंय.

[शेताचा बांध. मुंगूस सर्रकन आडवं जातं.]

आणि हा अस्सल मराठी शब्द. मुंगूस इंग्रजीत गेलं आणि ‘मॉन्गूस’ झालं. शेवटी ‘गूस’ ऐकून साहेबाला हंस आठवला असावा, कारण स्पेलिंगही त्याने तसंच केलं. मग अनेकवचनाची पंचाईत. हंसाचं गूस-गीस होतं, तर मॉन्गूसचं मॉन्गीस का नको? व्याकरणवाले सांगतात, नको, ‘मॉन्गूसेस’ म्हणा. आपल्याकडे एक मुंगूस, दोन मुंगसं. वाद नाही.