मेतकुटाची नोंद तपासताना

श्रोतेहो, नमस्कार.

एका कोशासाठी लिहिलेली मेतकुटावरची नोंद सध्या माझ्याकडे तपासायला आली आहे. पुण्यातल्या श्रोत्यांना मेतकूट काय ते सांगायला नको. तापातून उठलेल्या माणसाला मऊ भात, त्यावर तूप-मीठ आणि चमचाभर मेतकूट, नाहीतर दह्यात कालवून ताटाच्या डाव्या बाजूला. पण जे सगळ्यांना ठाऊक असतं त्यावरच फार ढिलं लिहिलं जातं. लढाईची तारीख चुकली तर वाचक लगेच पत्र पाठवतात, मेतकुटाबद्दल काही चुकलं तर कोणी कळवत नाही. म्हणून अशी नोंद अधिक कसून तपासावी, असं मला मनापासून वाटतं.

पहिलंच वाक्य आहे, ‘मेतकूट हा हजारो वर्षांपासून चालत आलेला पदार्थ आहे.’ खाली साहित्याच्या यादीत लाल मिरची आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात. म्हणजे दिलेली कृती तरी हजारो वर्षांची असू शकत नाही. त्याआधी तिखटपणासाठी मिरी आणि सुंठ वापरत असतील, हा तर्क पटण्यासारखा आहे. पण तर्क म्हणूनच तो लिहावा, किंवा जुन्या ग्रंथातला आधार द्यावा. आधार नसेल तर ‘हजारो वर्षे’ हे शब्द काढून टाकावेत. त्याने मेतकुटाचा मान काही कमी होत नाही.

आता कृतीकडे येते. नोंदीत हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, मेथ्या, मोहरी, जिरं, धने, सुंठ, हळद, हिंग असं सगळं आहे, आणि प्रत्येकाचं एकच ठरीव प्रमाण. हे प्रमाण कुठल्या घरचं? कोणी गहू घालतच नाही, कोणी मुगाची डाळ घालतं, कोणी धन्याला हात लावत नाही. मेथ्या किती घ्यायच्या यावर तर सासू-सुनांचं एकमत होणं अवघड. कोशाने एका घरची वाटी उचलून ती महाराष्ट्राची म्हणून मांडू नये. कायम काय असतं आणि बदलतं काय, हे सांगावं.

त्याहून मोठी उणीव पुढच्या ओळीत आहे. ‘सर्व साहित्य भाजून दळावे.’ एवढंच! मेतकुटातली सगळी कारागिरी त्या ‘भाजून’मध्ये आहे. दळल्यावर मेतकूट पुन्हा शिजत नाही, तसंच खाल्लं जातं. म्हणजे भाजताना बसते तेवढीच आच त्याच्या वाट्याला येते. डाळीचा कच्चट वास तिथेच जायला हवा, दाण्यातला ओलावा तिथेच उडायला हवा, नाहीतर पूड टिकत नाही. हरभऱ्याची डाळ मंद आचेवर सावकाश भाजावी लागते, आतपर्यंत खमंग होईतो. मेथ्यांना तेवढा धीर नसतो, क्षणात काळ्या होतात आणि सगळा डबा कडू करतात. म्हणून जिन्नस वेगवेगळे भाजतात. हे कारणासकट लिहिलं तरच वाचकाला मेतकूट कळेल. दळण्याबद्दलही नोंद गप्प आहे. जातं गेलं, गिरणी आली, मिक्सर आला, पण ‘डाळीवरच दळा हं, ज्वारीवर नको’ असं गिरणीवाल्याला बजावणाऱ्या बायका पेठांतून आजही दिसतील. ही कोशात बसणारी माहिती आहे.

‘फक्त महाराष्ट्रात आढळते’ हे वाक्य मी खोडलं. कर्नाटकात मेंथ्यद हिट्टु नावाची जवळपास अशीच पूड करतात. नात्यातली पाककृती शेजारच्या प्रांतात असेल तर तिचा उल्लेख हवाच.

मग येतो आरोग्याचा परिच्छेद. तिथे मी बराच वेळ अडखळले. ‘मेतकूट मधुमेह बरा करते’ असं ठासून लिहिलं आहे. रक्तातल्या साखरेवर मेथ्यांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास झालेला आहे, पण चमचाभर मेतकुटात मेथीचा अंश अगदी थोडा असतो. एखाद्याने हे वाचून गोळ्या सोडल्या तर? असं वाक्य कोशात राहताच कामा नये. आणि जे खरंच सांगायला हवं होतं ते राहूनच गेलंय. काही घरी मेतकुटात गहू असतो. बाजारातल्या बांधणीच्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा डिंक मिसळलेला असतो. ज्यांना गहू चालत नाही, त्यांना हे कळायला नको का? हे तोंडीलावणं आपण लहान मुलांना आणि आजाऱ्यांना देतो.

आधारांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. नोंदीखाली दिलेले आधार म्हणजे एकमेकींवरून उतरवलेल्या पाककृती. घरातलं ज्ञान छापलेलं नसतं, आणि न छापलेलं कोशाला वापरता येत नाही. ज्या शहरात श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात ज्ञानकोशाच्या २३ खंडांचं काम तडीस नेलं, तिथे ही अडचण सोडवता येऊ नये, हे मला मान्य नाही. तुमच्या घरी आजीची पाककृतींची वही असेल, तर ती कोणाच्या हातची, अंदाजे कोणत्या सालची, तिचं माहेर कुठलं, एवढं आधी पहिल्या पानावर लिहून ठेवा. मग त्यातली मेतकुटाची कृती एखाद्या मासिकात किंवा दिवाळी अंकात छापायला पाठवा. एकदा छापली की कोशकाराला तिचा हवाला देता येतो.

नोंद मी दुरुस्तीसाठी लेखकाकडे परत पाठवते आहे. चित्रही बदलायला सांगितलं आहे. वाटीतली पिवळी पूड बेसनाचीही असू शकते, त्याऐवजी भाजलेले जिन्नस वेगवेगळे मांडून छायाचित्र घ्यावं. बाकी दुरुस्त्यांना वेळ लागला तर लागू दे. मधुमेहाचं वाक्य काढणं आणि गहू-हिंगाची ओळ घालणं, ही दोन कामं मात्र या आठवड्यातच व्हावीत, असं मी त्यांना कळवलं आहे.

नमस्कार.