लवंगरावांचे पहिले शंभर दिवस

(फोंडा येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत, पाळलेल्या काकाकुव्याचे पहिले शंभर दिवस या विषयावर झालेले भाषण, थोडी काटछाट करून.)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

छत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर याच सभागृहात मोसमी वाऱ्यांवर बोललो, तेव्हा अठरा माणसं आली होती आणि त्यातली चार घरचीच. आज खुर्च्या कमी पडल्यात. एक पक्षी पाळला आणि माझ्या विद्वत्तेला भाव आला!

आधी तुमच्या मनातला प्रश्न निकालात काढतो. जुलैपासून आमच्या दारात जो येतो तो हेच विचारतो, "उलयता मूं?" म्हणजे, बोलतो ना? नाही बोलत. आमच्या मेव्हण्याने "मोरया" शिकवायला दोन महिने घालवले. पक्षी शिकला तो इन्व्हर्टरचा आवाज. पावसात वीज गेली की आमचा इन्व्हर्टर टीं टीं करतो. आता भर उजेडात टीं टीं होतं आणि आमची मंडळी मेणबत्ती शोधायला उठतात. माझी तक्रार पक्ष्याबद्दल नाही. बोलतो का, हे सगळे विचारतात. ऐकतो का, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

आता हे काकाकुवा नावच बघा. आपल्याला त्यात काका दिसतो, कावळा दिसतो. मूळ शब्द मलय भाषेतला, काकातुआ. तिकडे हाच शब्द पकडीलाही वापरतात, खिळे उपटायची पकड असते ना, तिला. ज्याने या पक्ष्याला बोट दिलंय त्याला व्युत्पत्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पोर्तुगीजांचा शब्द काकातुआ. आमचा पक्षी पांढऱ्या जातीचा, डोक्यावर छत्रीसारखा उघडणारा तुरा. या जातीचं घर म्हणजे इंडोनेशियातलं हाल्माहेरा, तेर्नाते, तिदोर. भूगोलाचा मास्तर इथे थांबणारच! ही लवंगेची बेटं. एके काळी जगातली सगळी लवंग तिथूनच यायची. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1511 मध्ये मलाक्का आणि 1522 मध्ये तेर्नातेला किल्ला बांधायला काढला. म्हणजे लवंगेच्या पोत्यांबरोबर एखादा काकाकुवा मांडवीत उतरला असणारच, असा माझा लाडका सिद्धांत. पुरावा शून्य. शिवाय एक अडचण आहे. सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या तेराव्या शतकातल्या ससाण्यांवरच्या ग्रंथात काकाकुव्याची चित्रं सापडतात, पक्षी इजिप्तच्या सुलतानाने भेट दिलेला. म्हणजे पोर्तुगीजांच्या अडीचशे वर्षं आधी हा युरोपात पोचला होता. पण सिद्धांत मी अजून सोडलेला नाही. पक्ष्याचं नाव त्यावरूनच ठेवलं, लवंग. नंतर पिसाची डीएनए तपासणी केली तर लवंग नर निघाली! लहान वयात या जातीचे नर-मादी दिसायला सारखेच. तेव्हापासून लवंगराव.

लवंगराव आले मडगावहून. एक कुटुंब इंग्लंडमधल्या स्विंडनला निघालं, घराला कुलूप, कुत्रा मामाकडे आणि वर्षाचा पक्षी कुणाकडे? माझ्याकडे. कागदपत्रं होती, पण हस्तांतराची नोंद सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते, 2024 च्या नियमांनुसार. त्यात आमचे पंधरा दिवस गेले. आणि कुणी तुम्हाला आपला साधा हिरवा पोपट विकायला आला तर घेऊ नका. तो आपल्या रानातला, 1972 च्या कायद्याने त्याला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे.

पहिले अकरा दिवस तो पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात बसून होता. तुरा चप्प, अंग बारीक केलेलं. संध्याकाळ झाली की मान खालीवर करत, भूक लागलेल्या पिल्लासारखं कुरकुरायचा. जागा बदलली की वर्षाचं पाखरूसुद्धा पुन्हा लहान होतं. मी शेजारी खुर्ची टाकून पेपर मोठ्याने वाचायचो. बाराव्या दिवशी त्याने गालाची पिसं फुगवून चोच झाकली आणि चोचीवर चोच घासत डोळे मिटले. मी आतल्या खोलीत जाऊन हळूच सांगितलं, "अगो, झोपला."

आणि मग चवथ आली, गणपतीची.

धूप, कापूर, फटाके हे पक्ष्याच्या फुफ्फुसांना वाईट, म्हणून त्याला माजघरापलीकडच्या खोलीत ठेवलं. पिंजऱ्याला खिटी, दाराला कडी. सिडनीत हे लोक झाकण लावलेले कचऱ्याचे डबे उघडतात, एकमेकांचं बघून शिकतात, त्यावर 2021 मध्ये शोधनिबंध निघाला. मी तो वाचला होता. तरी खिटीवर भरवसा ठेवला!

आरतीला वाड्यावरची घुमट-मंडळी आलेली. घुमट म्हणजे कातडं लावलेलं मातीचं मडकं, शामेळ म्हणजे ढोल, कासाळें म्हणजे झांजा. (घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. ते कायद्याने गेलं, आता बकऱ्याचं. 2019 मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्य ठरवलं. पुढे चला.) लय चढली आणि माजघरातून चालत, हो, चालत, लवंगराव आले. भाटकार, म्हणजे जमीनदार, बागायत बघायला येतो तसे. एकदा वर बघितलं आणि उडून थेट माटोळीवर, गणपतीच्या वर फळं टांगतात त्या चौकटीवर.

आता माटोळी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कवंडळ, घागऱ्या, फागला, ओल्या सुपारीचा घड, नारळ, सगळं दोरीने टांगलेलं. काकाकुव्यासाठी यापेक्षा चांगलं खेळणं कारखान्यात बनत नाही. आरती मध्येच थांबवता येत नाही, म्हणून कुणी थांबलं नाही. तुरा पूर्ण उघडलेला, घुमटाच्या प्रत्येक थापेला मान खाली, आणि दोन थापांच्या मध्ये एक दोरी कट. पहिलं कवंडळ शामेळवाल्याच्या खांद्यावर. घागऱ्या आरतीच्या ताटात. माझा जीव वेगळ्याच कारणाने उडालेला, कारण त्यातली अर्धी फळं खाण्याची नव्हेत. पण खायचं त्याच्या मनात नव्हतंच. पडल्यावर धप्प होतं, ते ऐकायचं होतं.

लय धरतो म्हणजे खरंच धरतो. स्नोबॉल नावाचा अमेरिकेतला काकाकुवा गाण्याच्या लयीवर नाचतो, गाण्याचा वेग बदलला तर स्वतःचाही बदलतो. अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ते सिद्ध केलं. आमच्याकडे शामेळवाल्याने सिद्ध केलं. म्हणाला, "मास्तर, आमच्या पोरापेक्षा बरा वाजवील!" सगळे हसले, टाळ्या झाल्या, लवंगरावांसाठी एक जादा आरती झाली.

आणि तीच चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सातला किंचाळी. किंचाळी म्हणजे तीन घरं पलीकडे रेडिओ बंद करायला लावणारी. मी धावत जायचो, "गप्प!" म्हणून ओरडायचो. त्याच्या दृष्टीने आरती सुरू झाली, मुख्य गायक मी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्या विषयासाठी बोलावलं तो पाच मिनिटांत. असो.

पहिल्या शंभर दिवसांत सगळ्यात मोठा धोका आपल्या मायेचा. नवं पिल्लू, गोड, मांडीत येतं, आपण दिवसभर घेऊन बसतो. सुट्टी संपते, आपण कामावर जातो आणि ते किंचाळायला लागतं, पुढे स्वतःची पिसं उपटायला लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून त्याला एकटं खेळायला शिकवायचं. शहाळ्याची करवंटी, कागदात गुंडाळलेला भोपळ्याचा तुकडा, जांभ्यावर आपटायला लाकूड. किंचाळीला उत्तर नाही, खोलीतून निघून जायचं. हळू आवाज केला की लगेच जायचं. हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं, मेव्हण्यानेसुद्धा. आमच्याकडे सहा आठवडे लागले.

हात फक्त डोक्यावर आणि मानेवर. पाठीवरून, पंखाखालून कुरवाळलं तर वयात आल्यावर त्याचा वेगळा अर्थ होतो. तुरा उभा म्हणजे आनंद, भीती, खेळ, काहीही. बाकीचं अंग बघून ठरवा. तुरा चप्प आणि फिस्स असा आवाज, तर हात मागे. झोप दहा-बारा तास, अंधारात. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया नकोत, पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणि भाज्या द्या. अवोकाडो, चॉकलेट, कॉफी अजिबात नाही. रोज सकाळी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन. हे पक्षी आजार लपवतात, वजन लपवता येत नाही. आमचे 540 ग्रॅम. पिसांतून पांढरी भुकटी पडते, दम्याच्या माणसाने विचार करावा. सागवानी खुर्चीवर प्रेम असेल तर तिनेही करावा.

आणि वय. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी 2016 मध्ये गेला तेव्हा 83 वर्षांचा होता. त्याची जात वेगळी, पण आमचे राव चाळीस वर्षं सहज काढतील. मी आज 61. भाचीला विचारलं, ती हो म्हणाली, तसं कागदावर लिहून ठेवलंय. खुर्च्या तिला नको आहेत, त्यांचं तो बघून घेईल.

दुसरी चिठ्ठी आली. शेवटचं, नॉन-स्टिकचा तवा फार तापला की त्यातून निघणारी वाफ पक्ष्याला मिनिटांत मारते. आमच्याकडचे तीनही तवे घराबाहेर काढलेत, अगदी चांगल्या स्थितीत आहेत. ज्यांच्या घरी पक्षी नाही त्यांनी जाताना घेऊन जावेत, स्कूटरच्या डिकीत ठेवलेत.