अळवाचं पान आणि स्लीपिंग बॅग

श्रोतेहो, नमस्कार. हिवाळ्यात हिमालयातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकला निघालेली पोरं मला हमखास विचारतात, "काका, स्लीपिंग बॅग वॉटरप्रूफच घेऊ ना?" मी नको म्हणतो. ते का, हे आज सांगतो.

1911 सालची गोष्ट. अंटार्क्टिकाचा हिवाळा, दिवसभर काळोखच. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेले. पाच आठवडे ते रेनडिअरच्या कातड्याच्या पिशव्यांत झोपले. चेरी-गॅरार्डची पिशवी निघताना सुमारे 8 किलोची होती, परतल्यावर 20 किलोच्या घरात गेली. पाऊस तर तिथे नव्हताच! ते पाणी त्याच्याच घामाचं आणि श्वासाचं. रोज रात्री वाफ कातड्यात शिरायची आणि तिथेच गोठायची.

झोपेतही आपल्या अंगातून वाफ निघत असते. बाहेरचं कापड पाण्याला पक्कं बंद असलं, की ती आत कोंडते. पिसांच्या बॅगेत याचा फार त्रास होतो. ऊब असते ती फुललेल्या पिसांनी धरून ठेवलेल्या हवेची. ओली पिसं एकमेकांना चिकटली की हवा गेली आणि ऊबही गेली. सिंथेटिक भराव ओला झाला तरी थोडाफार फुगलेला राहतो. म्हणून हरिश्चंद्रगडावर उघड्यावर, दहिवरात झोपायचं असेल तर मी तोच नेतो.

मग कापड कसं हवं? बारीक विणीचं, हलकं नायलॉन आणि त्यावर डीडब्ल्यूआर नावाचा लेप. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही ना, तसे या कापडावरून थेंब घरंगळतात आणि आतली वाफ मात्र बाहेर पडते. पावसापुढे हा लेप टिकणार नाही, शिवणीच्या टाक्यांतून पाणी शिरतंच. पाऊस तंबूनं अडवायचा. तंबूच्या छतावरून सकाळी झडणारा हिमाचा भुगा, सांडलेला चहा, एवढं या कापडानं सोसलं तरी पुष्कळ.

एकदा माझ्या बॅगेची पायाकडची बाजू रात्रभर तंबूच्या ओल्या भिंतीला टेकून राहिली. दाबून लागलेल्या ओलीपुढे लेपाचं काही चाललं नाही. तेवढ्याच भागातली पिसं गोळा झाली आणि पुढची अख्खी रात्र मी पाय चोळत काढली. तेव्हापासून भिंत आणि बॅग यांच्यात वीतभर जागा सोडतो.

हा लेप मळानं आणि अंगाच्या तेलकटपणानं निकामी होतो. ट्रेकच्या आठवडाभर आधी बॅगेवर चार थेंब शिंपडून बघा. थेंब गोल राहिले तर उत्तम. कापड पाणी पिऊन काळपट दिसलं, तर पिसांसाठी मिळणाऱ्या सौम्य साबणानं धुवा आणि मंद आचेच्या ड्रायरमध्ये पूर्ण वाळवा. त्या उबेनं लेप बहुतेक वेळा पुन्हा जागा होतो. नाहीच झाला, तर नव्यानं फवारता येतो.

आणि कितीही हुडहुडी भरली तरी तोंड बॅगेत घेऊ नका. माकडटोपी घाला, पण नाक बाहेर ठेवा. सकाळी तंबूवर ऊन आलं की बॅग उलटी करून पसरा. गाइड निघायची घाई करत असला तरी त्याच्याकडून दहा मिनिटं मागून घ्या. नमस्कार.