बांधावरचा अडुळसा

(दृश्य: दिंडोरी तालुका. द्राक्षबागेचा बांध. सकाळ.)

शेळ्या चरत येतात. बोरीचा पाला, बाभळीचे शेंडे, गवत, दिसेल ते ओरबाडतात. अडुळशापाशी आल्या की नुसतं हुंगतात आणि पुढे सरकतात. म्हणून तर लोक अडुळशाचं कुंपण करतात. एकदा लावलं की राखण नको.

आणि शेळी ज्याला तोंड लावत नाही, त्याच पानांचा रस आपण खोकल्यावर मधातून चाटतो.

रस लागू पडतो, यात वाद नाही. पानांत व्हॅसिसिन नावाचा अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं एक रसायन, असतो. ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध त्याच्याच रचनेवरून घडवलं गेलं. पण लागू पडणं वेगळं आणि निर्धोक असणं वेगळं. बागेच्या मालकीणबाई, सत्तरी ओलांडलेल्या आजी, विचारतात, ‘‘पिढ्यान्‌पिढ्या पितोय. कोणी मेलं का?’’

प्रश्न रास्त आहे. पण रात्री काढा पिऊन सकाळी कोणी दगावलं, तर गाव ते विसरत नाही. तीन महिने रोज पिऊन एखाद्याचं यकृत हळूहळू बिघडलं, तर काढ्यावर संशय कोण घेतो?

आजींची नात नाशिकला एम. फार्म. करते. तिनं बांधावरचा पाला पिशवीत भरला आहे. आपण त्या पिशवीमागे जाऊ.

(दृश्य: प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली पान.)

पहिलं काम ओळख पटवण्याचं. सुकवून चुरा केला की पाला सगळा सारखाच दिसतो, आणि अडुळशात महारुखाच्या पानांची भेसळ होते. काचपट्टीवर पर्णरंध्र, म्हणजे पानाचं सूक्ष्म छिद्र, दिसतं. त्याला दोन पेशी आडव्या बिलगल्या आहेत. ही अडुळशाची खूण. फांदी दाबून, सुकवून कागदावर चिकटवली जाते, म्हणजे उद्या कोणी विचारलं, तर दाखवता येते.

मग पाला सावलीत सुकतो आणि पाण्यात उकळतो. अल्कोहोलमध्ये अर्क चांगला उतरला असता. पण घरात कोणी अल्कोहोलमध्ये काढा करत नाही. लोक जे पितात तेच तपासायला हवं. ही साधी गोष्ट कित्येकदा विसरली जाते.

पुढची पायरी पांढऱ्या उंदरांची. नैतिक समितीची परवानगी मिळाल्याशिवाय पिंजरा उघडत नाही. रूढ पद्धतीत एका वेळी तीन उंदीर, बहुधा माद्या. वजनाच्या दर किलोला जास्तीत जास्त 2000 मिलिग्रॅम अर्क तोंडावाटे, एकदाच. मग 14 दिवस नजर: खातात का, थरथरतात का, वजन घटतं का. सगळे जगले, तरी कळतं एवढंच, की एका दणक्यात जीव जात नाही. रोज पिणाऱ्यासाठी 28 किंवा 90 दिवसांची चाचणी लागते. तिच्यात रक्त तपासतात, यकृत आणि मूत्रपिंडाचे पातळ काप पाहतात. समजा, 90 दिवसांत वजनाच्या दर किलोला रोज 500 मिलिग्रॅमपर्यंत काही बिघडलं नाही. तरी माणसासाठी तो आकडा सहसा शंभरानं भागतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 300 मिलिग्रॅम उरतात.

आणि या सगळ्यातून गर्भाचं काहीच कळत नाही. व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणून गर्भवतीनं अडुळसा टाळायचा. त्याची चाचणी वेगळी, गाभण उंदरांवर.

(दृश्य: पुन्हा बाग. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर. पांढरा फवारा.)

आता नाशिकची खरी अडचण. आपल्याकडे ‘औषध मारणं’ म्हणजे काय, हे बागाईतदाराला सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवरच्या रोगांवर फवारे: डाऊनीसाठी औषध, भुरीसाठी औषध. वारा असला की फवारा वेलीवर थांबत नाही, बांधावरही उतरतो. खोकल्याच्या औषधावर द्राक्षाचं औषध.

2010 साली याच पट्ट्यातल्या द्राक्षांना युरोपात फटका बसला. लिहोसिन, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. आज निर्यातीच्या बागेत प्रत्येक फवारणीची नोंद असते, अंश तपासल्याशिवाय माल निघत नाही. दोन हातांवरच्या अडुळशाची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही. म्हणून पिशवीतला थोडा पाला अंश तपासायला जातो. थोडा जड धातूंसाठी: शिसं 10 पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत हवं, आर्सेनिक 3, पारा 1, कॅडमियम 0.3. पाला धुतल्यानं धूळ जाते. पानात मुरलेलं जात नाही.

नात आजोबांची फवारणीची वही मागते. ‘‘शेवटचं औषध कधी मारलं?’’ आजोबा चष्मा लावून पान उलटतात. ‘‘मंगळवारी.’’ तिनं पाला तोडला होता गुरुवारी.

पिशवीवर ती दोन्ही वार लिहिते. मग घरामागे, विहिरीपाशी जाते. तिथलं झुडूप बागेपासून लांब आहे. त्याची पानं ती दुसऱ्या पिशवीत भरते.

ओट्यावरून आजी ओरडतात, ‘‘सगळा नेऊ नको गं, मला काढ्याला ठेव.’’