मोफत आणि फुकट: क्यूबाच्या शाळांविषयी

सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय 'क्यूबातील मोफत शिक्षणव्यवस्था कशी चालते' असा छापला आहे. त्यातल्या 'मोफत' या शब्दापाशी मी जरा अडून बसणार आहे. मोफत आणि फुकट हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि म्हणूनच क्यूबाचा विषय निघाला की अर्धी सभा त्या देशाला स्वर्ग ठरवते, तर अर्धी तुरुंग. पालकाच्या खिशातून फी जात नाही, ते मोफत. कोणाच्याच पदरचे काही जात नाही, ते फुकट. जिल्हा परिषदेच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत फुकटची शाळा काही माझ्या पाहण्यात आली नाही. क्यूबाने आपल्या शाळांची किंमत पैशात मोजलीच, पण त्याहून अधिक ती माणसांच्या आयुष्यातल्या वर्षांत मोजली, एवढेच मला आज सांगायचे आहे.

सुरुवात १९६१ पासून करतो. १९५३ च्या जनगणनेत त्या देशातील सुमारे २४ टक्के लोक निरक्षर निघाले होते. शहरांत हे प्रमाण ११ टक्के होते आणि खेड्यांत जवळजवळ ४२ टक्के. फिडेल कॅस्ट्रोंच्या क्रांतीने हुकूमशहा बातिस्ताची सत्ता उलथवल्यानंतर, सप्टेंबर १९६० मध्ये, कॅस्ट्रोंनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जाऊन जाहीर करून टाकले की, येत्या वर्षात निरक्षरता संपवू. घोषणा करायला काय जाते, असे आपल्या मनात आले असेल, आणि घोषणांचा अनुभव आपल्याला कमी नाही. पण इतक्या लोकांना शिकवायचे, तर शिक्षक आणायचे कुठून? तेव्हा एप्रिलमध्ये शाळांचे वर्ष लवकर आटोपण्यात आले आणि सुमारे एक लाख विद्यार्थ्यांना, पालकांची लेखी संमती घेऊन, खेड्यापाड्यांत पाठवण्यात आले. त्यांत निम्म्याहून अधिक मुली होत्या. वरादेरोच्या समुद्रकिनारी त्यांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण मिळाले, आणि त्याच एप्रिलमध्ये त्या देशावर अमेरिकेच्या पाठबळाने बे ऑफ पिग्जचे आक्रमणही झाले, हे लक्षात घ्या. प्रत्येकाला मिळाले ते सामान असे: गणवेश, बूट, झाडाला बांधून निजायची झोळी, घोंगडी, दोन पुस्तिका आणि एक रॉकेलचा कंदील.

या कंदिलावर मी दोन तास बोलू शकतो, अध्यक्षांनी काळजी करू नये. दिवसा ही शहरातली मुले ज्या घरी उतरली त्या घरच्यांबरोबर शेतात राबत, आणि रात्री त्याच घरात कंदील पेटवून वर्ग भरे. पुस्तिकेच्या पहिल्या धड्यात ओ, ए, आ ही तीन अक्षरे होती. अमेरिका खंडातील राष्ट्रांच्या संघटनेच्या स्पॅनिश नावाची ती आद्याक्षरे, आणि तिन्ही स्वर. म्हणजे एका दगडात दोन पक्षी, स्वरही शिकवून झाले आणि राजकारणही. ऊस तोडून कोयत्याला सरावलेल्या हाताला पेन्सिल हलकी धरता येत नाही. मूठ आवळली जाते, टोक मोडते, कागदाला भोक पडते, आणि समोरचा प्रौढ माणूस शिकवणाऱ्याकडे न बघता आधी दाराकडे बघतो, कोणी पाहिले तर नाही ना म्हणून. आमच्याकडच्या साक्षरता वर्गात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. क्यूबात ते पाहणारी, पुढे बसून शिकवणारी मुलगी पंधरा वर्षांची असे. सर्वांत वयस्क विद्यार्थिनी १०६ वर्षांची होती, गुलामगिरीत जन्मलेली. अखेरच्या परीक्षेत एक प्रश्न ठरलेला होता: फिडेल यांना पत्र लिहा. ती पत्रे आजही हवानाच्या साक्षरता संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत, आणि हे संग्रहालय बातिस्ताच्या जुन्या लष्करी छावणीच्या आवारात आहे. वर्षअखेर ७,०७,२१२ लोक लिहू-वाचू लागल्याची नोंद झाली, निरक्षरता ३.९ टक्क्यांवर आली, आणि २२ डिसेंबरला ही मुले खांद्यावर भल्यामोठ्या पेन्सिली घेऊन हवानाच्या चौकात उतरली. (आपल्या साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली ती त्याच्याही दोन वर्षे आधी, १९५९ मध्ये, पण मोठाल्या पेन्सिली आम्हाला सुचल्या नाहीत.)

आता किंमत. मोहिमेच्या पथकांना ज्याचे नाव दिले गेले तो कोनरादो बेनितेस हा अठरा वर्षांचा शिक्षक जानेवारीतच एस्कांब्राय डोंगरात मारला गेला. नोव्हेंबरमध्ये सोळा वर्षांचा मानुएल आस्कुन्से आणि तो ज्याच्या घरी शिकवत होता तो शेतकरी, दोघांनाही क्रांतीच्या विरोधकांनी ठार केले. दुसऱ्या बाजूला, सरकार मुलांवरचा आपला हक्कच काढून घेणार, या धास्तीने १९६० ते १९६२ या काळात चौदा हजारांवर मुलांना त्यांच्या आईवडिलांनी एकटे विमानात बसवून मायामीला धाडले. काही घरांत मुलीच्या संमतिपत्रावर सही होत होती, तर काही घरांत तिची बॅग भरली जात होती. दोन्ही घरांतल्या आयांना मी वेडे म्हणू शकत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: 'दहा मिनिटे'. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता सुरू करायला हवा.

६ जून १९६१ च्या कायद्याने खाजगी शाळा, चर्चच्या शाळांसह, सरकारजमा झाल्या आणि शिक्षण मोफत झाले. पाचव्या वर्षी पूर्वप्राथमिक वर्ग, मग सहा वर्षे प्राथमिक, तीन वर्षे माध्यमिक, इथपर्यंत सक्ती. त्यानंतर तीन वर्षे विद्यापीठपूर्व शिक्षण किंवा तांत्रिक शाळा. अभ्यासक्रम देशभर एक. गणवेशाच्या रंगावरून टप्पा ओळखता येतो: प्राथमिकला लालसर, माध्यमिकला मोहरीसारखा पिवळा, पुढे निळा. सकाळच्या परिपाठात 'आम्ही चे यांच्यासारखे होऊ' (म्हणजे क्रांतिकारक चे गेव्हारा यांच्यासारखे) ही घोषणा असते, आणि मुलाबरोबर वर्षानुवर्षे जी नोंदवही फिरते तीत गुणांच्या जोडीला राजकीय वर्तनही टिपले जाते. ही बाजू लपवून क्यूबाचे कौतुक करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

शिकवण्याची खरी खुबी मात्र शिक्षक जागेवर असण्यात आहे. पहिलीला मिळालेला शिक्षक साधारणतः चौथीपर्यंत त्याच मुलांबरोबर वर चढतो. माझ्या द्विशिक्षकी शाळेत सोबतचे गुरुजी कधी जनगणनेला, कधी मतदारयादीला, आणि चार वर्ग मी एकटा; त्यामुळे हे वाक्य उच्चारताना मला थोडा हेवा वाटतो, तो क्षमा करावा. दोन हजार सालानंतर प्राथमिक वर्गात वीसच मुले असावीत असे धोरण आले आणि वीज न पोचलेल्या सुमारे दोन हजार डोंगरी शाळांवर सौर पट्ट्या बसल्या. त्यांत एकाच मुलाच्या शाळाही होत्या. १९९७ मध्ये युनेस्कोने लॅटिन अमेरिकेतील तिसरी-चौथीच्या मुलांची भाषा आणि गणिताची चाचणी घेतली, तेव्हा क्यूबाची मुले इतकी पुढे निघाली की खात्रीसाठी फेरतपासणी करावी लागली.

हे भागते कसे? २०१० च्या सुमारास क्यूबा राष्ट्रीय उत्पन्नाच्या १२ टक्क्यांहून अधिक रक्कम शिक्षणावर खर्च करत होता. आपण कोठारी आयोगाने सुचवलेल्या ६ टक्क्यांची १९६६ पासून वाट पाहत आहोत. पण पैशाने न भागणारा हिस्सा माणसे भरतात. पदवीधराला नेमून दिलेल्या ठिकाणी सामाजिक सेवा करावी लागते, आपल्या डॉक्टरांच्या बाँडसारखी. फरक इतकाच की तिथे दंड भरून सुटायची सोय हाताशी नसते. ग्रामीण निवासी शाळांतली मुले अर्धा दिवस वर्गात आणि अर्धा दिवस लिंबूवर्गीय फळांच्या बागांत असत. शाळेचा खर्च बागेतून निघावा ही कल्पना. तो निघाला नाही, आणि त्या शाळा फिडेल यांचे भाऊ राउल कॅस्ट्रो यांच्या काळात बंद झाल्या.

क्यूबाला मदत करणारा सोव्हिएत संघ कोसळल्यावर वह्या-कागद दुर्मिळ झाले, १९९३ मध्ये डॉलर बाळगणे कायदेशीर ठरले, आणि हॉटेलातल्या टेबलावरची बक्षिशी शिक्षकाच्या पगाराहून भारी पडू लागली. नेमणुकीच्या जोरावर चालणाऱ्या व्यवस्थेतून माणूसच निघून जाऊ लागला. ही उणीव भरून काढायला दोन हजार सालानंतर कोवळ्या तरुणांना घाईघाईने शिक्षक केले गेले, आणि पालकांनी शिकवण्या शोधायला सुरुवात केली. २०१० च्या स्वयंरोजगाराच्या यादीत सरकारनेच खाजगी शिकवणीचा परवाना देऊ केला. मात्र नोकरीत असलेल्या शिक्षकाला तो मिळणार नाही, अशी अट घातली.

मागच्या रांगेतले गुरुजी हसत आहेत. वेळ संपली, प्रश्न त्यांच्यापासूनच घेऊ.