1584 हा आकडा मोजला कसा?

नमस्कार मंडळी, आज मी तुमच्याशी एकाच आकड्याबद्दल बोलणारे, 1584. नोव्हेंबर 2010 मध्ये जिनिव्हाजवळ सर्न या संशोधनसंस्थेच्या एलएचसीमध्ये, म्हणजे कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रामध्ये, पहिल्यांदा शिशाची अणुकेंद्रं एकमेकांवर आदळवली, आणि तिथल्या अ‍ॅलिस प्रयोगाने अगदी सुरुवातीलाच जे मोजलं ते हे, की धडक जवळपास समोरासमोर झाली तर विद्युतभार असलेले किती कण बाहेर पडतात. सगळ्या दिशांना नाही हं, बीमला, म्हणजे अणुकेंद्रांच्या झोताला, काटकोन धरला तर त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण 27-28 अंशांच्या पट्ट्यात. सगळ्या दिशा धरल्या तर हिशोब 17 हजारांच्या आसपास जातो, आणि दोन्ही अणुकेंद्रांतले प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून होते फक्त 416! बाकीचं सगळं टकरीच्या ऊर्जेतून नव्याने तयार झालेलं, मला अजूनही हे सांगताना थरारून जायला होतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, मोजले की झालं. पण या आकड्यासोबत दोन त्रुटी छापल्यात त्या बघा. टकरी मोजक्याच असल्यामुळे येणारी त्रुटी आहे अधिक-उणे 4, आणि डिटेक्टर आणि मोजायची पद्धत यांच्यामुळे येणारी अधिक-उणे 76. म्हणजे मोजणीत खरा घाम गाळावा लागतो तो आपल्याला जे दिसलं त्यावर विश्वास किती ठेवायचा हे ठरवताना.

मोजणी कशी होते ते जरा जवळून बघू. टक्कर व्हायची त्या जागेभोवती तेव्हा सिलिकॉन पिक्सेलचे दोन थर होते, एक बीमपासून जेमतेम 4 सेंटीमीटरवर आणि दुसरा साडेसात-पावणेआठ सेंटीमीटरवर. कण जाताना दोन्ही थरांवर एकेक ठिपका सोडतो, दोन ठिपके जोडले, रेघ मागे ओढली आणि ती टकरीच्या जागेतून आली तर तो एक कण धरायचा. ऐकायला सोपं, पण हजारो ठिपके एकदम उमटले की एका कणाचा आतला ठिपका आणि भलत्याच कणाचा बाहेरचा ठिपका अशा खोट्या जोड्याही जुळतात, आणि गर्दी जितकी जास्त तितक्या त्या वाढतात, मग त्या किती असतील याचा अंदाज काढून वजा करायच्या. उलट फार मंद कण चुंबकक्षेत्रात वळून किंवा मटेरियलमध्येच अडकून बाहेरच्या थरापर्यंत पोचतच नाहीत, ते वाढवून धरावे लागतात. आणि लॅम्डासारखे काही कण वाटेतच फुटतात, त्यांची पिल्लं मूळ टकरीची म्हणून मोजून चालत नाही.

आणि मला सगळ्यात भारी वाटणारा प्रश्न तर वेगळाच आहे, धडक समोरासमोर झाली हे कळलं कसं? अणुकेंद्र इतकं बारीक की ते नेमकं कुठे लागलं हे कोणालाच दिसत नाही. मग उलटं जायचं, बाजूच्या डिटेक्टरमध्ये सिग्नल किती मोठा आला त्यावरून सगळ्या टकरी ओळीने लावायच्या आणि सगळ्यात वरच्या 5 टक्के टकरींना समोरासमोरच्या म्हणायचं. जोडीला, टकरीत सापडलेच नाहीत ते न्यूट्रॉन सरळ पुढे निघून जातात, त्यांना पकडायला शंभर मीटरहून लांब कॅलरीमीटर, म्हणजे ऊर्जा मोजणारे डिटेक्टर, ठेवलेत. तिथे कमी ऊर्जा आली म्हणजे बहुतेक सगळे टकरीत सापडले. पण यातही मेख आहे, अणुकेंद्रं एकमेकांना नुसती घासून गेली तरी तिथे कमीच येते, कारण उरलेले न्यूट्रॉन मोठ्या तुकड्यांमध्ये चिकटूनच राहतात आणि ते तुकडे चुंबकांमुळे वळून दुसरीकडेच जातात. म्हणून एकट्या या कॅलरीमीटरवर भिस्त ठेवता येत नाही, दुसऱ्या डिटेक्टरची साक्ष लागतेच.

एवढा खटाटोप केल्यावर हिशोब निघाला की टकरीत भाग घेतलेल्या दर दोन प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे 8.3 कण, आणि तेवढ्याच ऊर्जेच्या साध्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत येतात त्याच्या हे जवळपास 1.9 पट! म्हणजे शिशाची टक्कर ही नुसती सुट्या टकरींची बेरीज नाही, आणि क्वार्क आणि ग्लुऑन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले घटक, मोकळे फिरतात असा प्लाझ्मा अशा टकरींत तयार होतो, त्याच्या अभ्यासात हा आकडा पायाचा ठरतो. 2015 मध्ये प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या दर जोडीमागची ऊर्जा 2.76 वरून 5.02 टेराइलेक्ट्रॉनव्होल्टवर नेली तेव्हा तोच आकडा आला 1943, आणि त्रुटी 54.